पाँपेईची बाग आणि अण्णांची डाळिंबं



बरेच दिवस नुसताच वाचतोय. लिहीन लिहीन म्हणून राहून जात होतं. एक गो-लाइव्ह संपलं की दुसरं उभं, तुम्हा सगळ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडेना. विषय जरा चमत्कारिक आहे : प्राचीन रोमन लोकांच्या बागेत कुठली झाडं होती. हसू नका, पुढे वाचा. :-)

आमची कन्या इथे शारजात ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत इयर फोरला आहे. आपण चौथीत शिवछत्रपती वाचले, ही ज्युलियस सीझर वाचते. कालाय तस्मै नमः. तर डिसेंबरात शाळेने फर्मान काढलं की बुटाच्या खोक्यात रोमन बागेचं मॉडेल करून आणायचं, आणि सोबत निदान दहा झाडांची नावं लिहायची. आमच्याकडे अशी कामं आईबापांनाच करावी लागतात. बायको म्हणाली, तुझ्या गावाकडे शेती आहे, तूच कर.

त्याच सुमारास अण्णा, म्हणजे माझे वडील, साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. आमचं गाव सांगोला तालुक्यात. चार एकर डाळिंब होतं, 'भगवा', बाराशे झाडं. 'होतं' म्हणतोय कारण आता नाही. आधी तेल्या आला. त्याच्याशी अण्णा दहा वर्षं भांडले. मग २०२१ च्या सुमारास खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा तो पिन होल बोरर आला आणि बागाच्या बागा वाळल्या. गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी जेसीबी लावून सगळी झाडं काढली. फोनवर एवढंच म्हणाले, "रान मोकळं केलं." धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याचं म्हणणं, सोलरवाले जमीन भाड्याने मागतायत, देऊन टाकू, वर्षाला ठरलेले पैसे येतील. खरं सांगायचं तर माझंही म्हणणं तेच होतं. अण्णांना इथे बोलावलं ते हवापालट म्हणून, पण मनात होतं की निवांत बसवून सही करायला राजी करू. हे आधीच कबूल करून टाकतो.

आता बागेकडे वळू.

रोमन बागेत काय होतं हे आपल्याला इतकं नेमकं माहीत असायचं कारण म्हणजे एक भयंकर अपघात. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई शहर राखेत आणि बारीक दगडखड्यात गाडलं गेलं. झाडं मेली, मुळं कुजली, पण मुळांच्या जागच्या पोकळ्या तशाच राहिल्या आणि वरून त्यांच्यात खडी उतरली. विल्हेमिना याशेम्स्की नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९६० च्या दशकापासून हा नाद घेतला. पोकळीतली खडी काढायची, आत तार घालायची, वरून सिमेंट ओतायचं, आणि घट्ट झाल्यावर भोवतीची माती खणायची. मुळाचा साचा हातात! त्याच्या जाडीवरून, वळणावरून झाड ओळखायचं. जोडीला जळालेली फळं, बिया, परागकण आणि भिंतींवरची चित्रं. यजमान भौतिकशास्त्रज्ञ होते, ते नकाशे काढायचे आणि फोटो घ्यायचे. तिथल्या अँफिथिएटरसमोरच्या मोठ्या मोकळ्या जागेला लोक आधी गुरांचा बाजार समजत होते. बाईंनी तिथे दोन हजारांहून जास्त वेलींच्या मुळांच्या पोकळ्या शोधल्या. भर शहरात द्राक्षबाग निघाली!

मी हे सगळं लॅपटॉपवर वाचून अण्णांना सांगत होतो. ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले. पोकळीत सिमेंट ओतण्याची गोष्ट ऐकून सरळ झाले. म्हणाले, "म्हंजी झाड गेलं तरी खड्डा ऱ्हातो." एवढंच. मी पुढचं पान उघडलं, दुसरं काय करणार.

कन्येची यादी सुरू झाली. अंजीर. डाळिंब. द्राक्षं. ऑलिव्ह. गुलाब. कण्हेर. लिली. आयव्ही. लॉरेल नावाचं झाड, ज्याच्या पानांचा मुकुट विजयी सेनापतीला घालायचे. बॉक्सवुडची छाटून केलेली कुंपणं. मर्टल. भाजीपाल्यात कोबी, कांदा, लसूण, कोथिंबीर, मोहरी, पुदिना. अण्णा ऐकत होते आणि मधेच म्हणाले, "ह्यातलं निम्मं तर आपल्या गावात हाय की. रोमन कशाला पायजे?"

गंमत म्हणजे यातलं बरंचसं रोमनांचंही नव्हतं. डाळिंबाला ते 'मालुम प्युनिकुम' म्हणायचे, म्हणजे कार्थेजचं सफरचंद, कारण ते त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून माहीत झालं. पीच म्हणजे पर्शियाचं सफरचंद. आणि महाळुंग म्हणजे मीडियाचं सफरचंद, मीडिया हा आजच्या इराणचा भाग. हो, तेच आपलं महाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते! मूळ झाड ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याकडचं. तिथून ते इराणात गेलं, जेरुसलेमजवळच्या एका राजवाड्याच्या बागेत इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातले त्याचे परागकण सापडलेत, आणि मग रोमला.

प्लिनी नावाचा एक रोमन लेखक होता, ज्ञानकोश लिहिणारा, जो व्हेसुव्हियसच्या त्याच स्फोटात मेला. त्याने लिहून ठेवलंय की लोकांनी महाळुंगाची झाडं मातीच्या कुंड्यांत घालून, मुळांना हवा लागावी म्हणून कुंड्यांना भोकं पाडून, दुसऱ्या देशांत न्यायचा प्रयत्न केला, पण हे झाड मीडिया आणि पर्शियाशिवाय कुठे रुजायलाच तयार नाही. पुढे ते इटलीत रुजलं हा भाग वेगळा. पाँपेईतही भोकं पाडलेल्या लागवडीच्या कुंड्या निघाल्यात, एका घराच्या भिंतीलगत तर ओळीने. त्यांत लिंबाच्या जातीची रोपं असावीत असं याशेम्स्कीबाईंचं मत. (इथे आलेल्या प्रत्येकाने ही कुंडी ओळखली असेल. आमच्या बाल्कनीतला कढीपत्ता पहिली तीन वर्षं असाच रुसून बसला होता.)

प्लिनीचं दुसरं निरीक्षण मला फार आवडलं. तो म्हणतो, खजुराची झाडं इटलीत सगळीकडे आहेत, पण वांझ. फळ धरतच नाहीत. म्हणजे रोमन श्रीमंत माणसाने खजूर लावायचा तो शोभेला, आणि खायचा तो बाहेरून आणलेला. नवीन वर्षाला एकमेकांना खजूर भेट द्यायचे, कधी सोन्याचा वर्ख लावून. आता हा खजूर यायचा कुठून? बराचसा इजिप्त, सीरियाकडून. पण खजूर पिकवणारा आणखी एक किनारा होता, ज्याच्याशी रोमन जगाचा व्यापार चालायचा. तो म्हणजे मी हे जिथे बसून लिहितोय तो.

रास अल खैमाला जाताना, ई-११ रस्त्यावर, उम्म अल क्वैनच्या पुढे वॉटर पार्कच्या आसपास उजवी-डावीकडे नुसती वाळू आणि झुडपं दिसतात. शंभर वेळा तिथून गेलोय. तिथे एद-दूर नावाचं शहर होतं. सन १९७३ मध्ये इराकी पुरातत्त्व तुकडीने ते हेरलं आणि १९८० च्या दशकात बेल्जियन, ब्रिटिश, डॅनिश, फ्रेंच तुकड्यांनी मिळून उत्खनन केलं. इसवी सनाचं पहिलं शतक हा त्याचा भराचा काळ, म्हणजे पाँपेई गाडलं गेलं तेव्हा हे शहर जोरात होतं. शमश या सूर्यदेवाचं छोटंसं चौकोनी देऊळ निघालं. रोमन काचेची भांडी तर भरपूर निघाली. भारतातली लाल चकचकीत खापरंही.

त्याच पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचं 'पेरिप्लस' नावाचं प्रवासवर्णन आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपण नाव वाचलेलं असतं. त्यात सोपारा, कल्याण, पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, सगळं आहे. त्यात ओमाना नावाच्या बंदराचा उल्लेख येतो. काही अभ्यासकांच्या मते ओमाना म्हणजेच हे एद-दूर. तिथे भडोचहून मोठाली जहाजं यायची ती तांबं, चंदन, सागवान आणि शिसवी लाकूड घेऊन. आणि परत जायची ती मोती, जांभळा रंग, दारू, सोनं, गुलाम आणि भरपूर खजूर घेऊन. गुलाम हा शब्द त्या यादीत खजुराच्या शेजारीच आहे, तो गाळून मी तुम्हाला रम्य चित्र दाखवणार नाही.

शुक्रवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर अण्णांना आणि लेकीला घेऊन तिकडे गेलो. कुंपणाबाहेरूनच बघितलं, बघण्यासारखं खरं तर काही नाही. उम्म अल क्वैनच्या जुन्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये मात्र वस्तू आहेत. अण्णांना काचेच्या कुप्यांचं काही वाटलं नाही, पण तेरचं नाव ऐकून त्यांनी कान टवकारले. "गोरोबाकाकांचं तेर?" म्हटलं, तेच. अण्णा वारकरी, तेरला जाऊन आलेले. मी सांगितलं की तेरला हस्तिदंताची बाईची बाहुली सापडली, अगदी तिच्या बहिणीसारखी दिसणारी मूर्ती १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात निघाली, आणि तिच्यासारखंच काम जालना जिल्ह्यात भोकरदनलाही मिळालंय. अण्णा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बाहुल्या गेल्या म्हंजी माणसंबी गेली असतील. तुझ्यासारखी." :-)

मग शारजातलं म्लेइहा. तिथे २०१६ पासून छान पुरातत्त्व केंद्र आहे. मला थरारून टाकलं ते तिथल्या कापसाने. तिसऱ्या शतकात जळालेल्या एका इमारतीत जळकी सरकी आणि कापडाचे तुकडे सापडले. आगीत कोळसा झाला म्हणूनच टिकले, पुन्हा पाँपेईसारखंच. शास्त्रज्ञांना प्रश्न पडला, हा कापूस इथलाच की आणलेला? त्यांनी त्यातल्या स्ट्राँशियमचे आयसोटोप मोजले. झाड ज्या मातीत वाढतं तिची सही त्यात उमटते. सन २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आला की कापूस स्थानिक नाही, भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडचा असावा. हे वाचून मी अण्णांना म्हणालो, झाड कुठेही गेलं तरी त्याची माती ओळखता येते. अण्णा म्हणाले, "मातीपरीक्षण तर आपुनबी केलंतं. त्याचा काय उपेग झाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कण्हेर. पाँपेईच्या भिंतींवरच्या बागांच्या चित्रांत कण्हेर वारंवार येते. रोमजवळ सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या वाड्यात १८६३ मध्ये एक खोली सापडली, चारी भिंतींवर बागच बाग रंगवलेली. ती चित्रं आता रोमच्या म्युझियममध्ये आहेत. मी मोठ्या स्क्रीनवर लावून दाखवली. डाळिंबं, कण्हेर, गुलाब, पक्षी, निळसर धुक्यात मागे गेलेली झाडं. कन्या म्हणाली, वॉव. अण्णा चष्मा लावून जवळ गेले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो कुठला बहार धरलाय?" मला कळेना. तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवलं : हितं फूल हाय, हितं पिकून फुटलेलं फळ हाय, शेजारी वसंतातलं काहीतरी फुललंय. "मृग, हस्त, आंबे, सगळे बहार एका टायमाला? असं रान जगात नस्तं. चित्रकार शेतकरी नव्हता." नंतर वाचताना कळलं की अभ्यासकांनीही नेमकं हेच नोंदवलंय, सगळे ऋतू एकदम दाखवलेत, कधी न सुकणारी बाग. अण्णांना कुणी पीएचडी देईल का?

कन्येला मॉडेलसाठी खरी फांदी हवी होती. आमच्या बिल्डिंगमागच्या पार्किंगच्या कडेला गुलाबी कण्हेर आहे. ती आजोबांना घेऊन खाली गेली आणि पाच मिनिटांत रडत वर आली. आजोबांनी तोडू दिली नाही, वर हात साबणाने धुवायला लावले. अण्णा रागावले नव्हते, घाबरले होते. आमच्या गावात एकाची दोन शेळ्यांची पिल्लं कण्हेर खाऊन गेली होती. महादेवाला वाहायची, पण तोंडाला लावायची नाही, हे आपल्याकडे पोरांना न शिकवता येतं. इथल्या पोरांना कोण शिकवणार? प्लिनीनेही लिहिलंय की कण्हेर शेळ्यामेंढ्यांना आणि गुरांना विष आहे. मात्र माणसाला ती सापाच्या विषावर औषध असंही तो म्हणतो. ते कृपया कुणी करून बघू नका, पान, फूल, काडी सगळंच हृदयाला घातक असतं. अबू धाबीच्या कृषी व अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये कण्हेरीच्या लागवडीवर आणि विक्रीवर बंदीच घातली. म्हणजे दोन हजार वर्षं बागेत मिरवलेल्या झाडाला शेवटी नारळ मिळाला. मॉडेलमध्ये आम्ही क्रेप कागदाची कण्हेर लावली.

मॉल दाखवून झाले, बुर्ज खलिफा खालून दाखवून झाला. अण्णा एक दिवस म्हणाले, "ह्या देशात शेती न्हाई का रं?" म्हणून एका शनिवारी सकाळी अल ऐनला गेलो. शारजाहून दीडेक तास. अल ऐनची मरूद्यानं, हिली, हफीत वगैरे जागा मिळून २०११ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, या देशातलं ते पहिलं जागतिक वारसास्थळ. मुख्य मरूद्यान साधारण १२०० हेक्टरचं, त्यात दीड लाखाच्या आसपास खजूर आणि शंभरेक जाती. खजूर या भागाला किती जुना? अबू धाबीच्या दल्मा बेटावर सापडलेल्या बिया सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यापुढे पाँपेई म्हणजे कालचं पोर.

आत शिरलं की एकदम गार वाटतं. मातीच्या बुटक्या भिंतींमधल्या बोळांतून चालायचं, डोक्यावर खजुराचं छत, त्याखाली आंबा, लिंबू, अंजीर, केळी, आणि सर्वांत खाली घास. तीन मजली शेती. वरच्याने खालच्याला सावली द्यायची, नाहीतर जुलैत खालचं जळून जाईल. अण्णा बोलायचे थांबले. चप्पल काढली आणि पाटाच्या कडेला बसून पाण्यात हात घातला.

तो पाट म्हणजे फलज. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून पाण्याचा थर गाठायचा, तिथून जमिनीखालून अगदी अलगद उताराचा बोगदा काढत गावापर्यंत यायचं, ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि गाळ काढायला उभी भुयारं. पंप नाही, मोट नाही, नुसतं गुरुत्वाकर्षण. हिली आणि बिदा बिंत सऊद इथले फलज सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे. आपल्याकडे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली ती याच कुळातली. रोमनांचंही असंच, पाँपेईत ऑगस्टसच्या काळात डोंगरातून कालव्याचं पाणी आलं आणि त्यानंतर घरोघरी कारंजी आणि शोभेच्या बागा वाढल्या. त्याआधी पावसाचं पाणी हौदात साठवून भागवायचे. झाडांची यादी कितीही पाठ करा, कुठलं झाड जगणार हे पाणी ठरवतं.

फलजचं पाणी वेळेवर वाटतात. अमक्याच्या वाट्याला इतका वेळ, मग दगड-चिंधी काढून दुसऱ्याच्या बागेत. मी उत्साहाने अण्णांना सांगायला लागलो की हे म्हणजे आमच्या नेटवर्किंगमधलं टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग. अण्णा म्हणाले, "दारं धरायचं म्हण की." बरोबर. इंजिनिअरिंगची चार वर्षं एका शब्दात आटोपली.

पलीकडे एक मुलतानकडचे वयस्क चाचा पाटातला पालापाचोळा काढत होते. अण्णांचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं, त्यांचं सराईकी वळणाचं. तासभर बोलत बसले दोघं. मी लांब उभा. चाचांनी झाडाला टांगलेली बादली दाखवली, कामगंध सापळा. खजुराला पोखरणारा लाल भुंगा इथे १९८० च्या दशकाच्या मध्यात आला, तो मूळचा आपल्याच बाजूचा, नारळाचा सोंड्या भुंगा. खोडात आत शिरतो, बाहेरून झाड ठणठणीत दिसतं आणि एक दिवस शेंडा मोडून पडतो. अण्णांनी विचारलं, मग काय करता? चाचा म्हणाले, जेवढी वाचतात तेवढी वाचवतो, गेलेलं काढून जाळतो आणि त्याच जागेत खोडाशी फुटलेलं पिल्लू लावतो.

थोडं पुढे गेल्यावर अण्णा अचानक थांबले. पाटाच्या कडेला एक जाड पाइप आला होता. "हे पाणी बोरचं हाय," म्हणाले. खरंच होतं. भूजल खोल गेलं, फलज आटले, आता विहिरींतून पंपाने पाणी उपसून त्याच जुन्या पाटात सोडतात. मला वाटलं अण्णांचा विरस होईल. उलट झालं. म्हणाले, "म्हंजी ह्यांचंबी आटलंय. तरी पाट मोडला न्हाई."

एका भिंतीआड एकच डाळिंबाचं झाड होतं, पानगळ झालेलं, वर दोन सुकलेली फळं. अण्णा भिंतीवरून वाकून खोड बघत होते. भोकं शोधत होते. नव्हती. त्या वेळी मी सोलरचा विषय काढणार होतो, कागद फोनमध्ये तयार होते. नाही काढला.

तो काढला शेवटी विमानतळावर जाताना, गाडीत. अण्णा म्हणाले, "तुमी दोघांनी ठरवलंय ते मला इमानात बसायच्या आधीच म्हाईत हुतं. म्हून तर आलो. नातीला बघून घ्यावं म्हटलं." पुढे दोन सिग्नल कुणी बोललं नाही. सामानात त्यांना अल ऐनचं खजुराचं पिल्लू न्यायचं होतं. रोपं न्यायला क्वारंटाइनचे कागद लागतात म्हणून मी नाही म्हटलं होतं, तेही त्या गाडीत आठवत राहिलं.

मॉडेलला शाळेत 'एक्सलंट' मिळालं. क्रेप कागदाची कण्हेर, प्लास्टिकची द्राक्षं आणि खऱ्या अंजिराचा वाळवून लावलेला तुकडा. यादीत अकरावं नाव कन्येने स्वतःहून लिहिलं : खजूर, कंसात 'फळ नाही'.

मार्चमध्ये अण्णांचा फोन आला. दोन एकर सोलरवाल्यांना देतायत. उरलेल्या दोन एकरांत अंजीर लावतायत, पुरंदरच्या बाजूला कलमं सांगून ठेवलीत. मी म्हटलं, अण्णा, अंजीर दोन दिवसांत नासतं, तांबेरा येतो, मार्केट लांब. "म्हाईत हाय," म्हणाले, "पोरीच्या यादीत पयलं नाव त्येच हुतं." भाऊ माझ्यावर चिडलाय, त्याला वाटतं मीच फूस लावली. दोन आठवडे त्याचा फोन नाही. काल अण्णांनी वॉट्सॅपवर ठिबकच्या लॅटरलचं कोटेशन पाठवलंय, खाली नुसतं लिहिलंय, 'बघ'.

अंजिराच्या तांबेऱ्याचा कुणाला अनुभव असेल तर जरूर कळवा. पुरंदर, दौंडकडची मंडळी आपल्यात आहेत हे मला माहीत आहे.

ता. क. : कढीपत्ता चौथ्या वर्षी लागला. कुंडीला खालून भोकं वाढवली होती.